अतिदक्षता विभागातील परिचारिकांना शिकवणार कोण?

रुग्णालयाची इमारत दोन-चार वर्षांत उभी राहते. व्हेंटिलेटर, मॉनिटर, ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे पंप ही सामग्री निविदा काढून काही महिन्यांत आणता येते. रात्रीच्या पाळीत अत्यवस्थ रुग्णाची जबाबदारी पेलू शकेल अशी परिचारिका मात्र कोणत्याही निविदेतून मिळत नाही. ती घडवावी लागते आणि ती घडत असताना आधी घडलेली दुसरी परिचारिका तिच्याशेजारी उभी असावी लागते. आरोग्यसेवेच्या विस्ताराची चर्चा करताना आपण खाटा मोजतो, यंत्रे मोजतो. हे शेजारी उभे राहणे मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर गेल्या काही वर्षांत उभारणी पुष्कळ झाली. गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील सुपरस्पेशालिटी विभागाचे आणि मडगावच्या नव्या दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पहिल्यावर ३८० कोटींहून अधिक, तर दुसऱ्यावर सुमारे २२० कोटी रुपये खर्च झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २००८ पासून धावते आहे, तर हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार पोहोचवणारा ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प २०१८ च्या अखेरीस सुरू झाला. पूर्वी जो रुग्ण वाटेतच दगावला असता, तो आज अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. आत गेल्यावर चोवीस तास त्याच्याजवळ कोण असते, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

याच ठिकाणी एक स्थलांतर फारसा गाजावाजा न होता चालू आहे. आठ-दहा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या परिचारिका हळूहळू खाटेपासून दूर जातात. काहीजणी पदव्युत्तर पदवी घेऊन परिचर्या महाविद्यालयात शिकवू लागतात. काही परदेशी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गांत किंवा जीवरक्षक प्रशिक्षणाच्या केंद्रांत प्रशिक्षक होतात. काही आखातात, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत रुजू होतात आणि कालांतराने तेथील नवागतांना शिकवण्याची जबाबदारी घेतात. व्यक्ती म्हणून पाहिले तर यांतील प्रत्येक वाट कष्टाची आणि अभिमानाची आहे. राज्य म्हणून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. आपल्याकडे शिकवायचे असेल तर रुग्णाची खाट सोडावी लागते; खाट सोडायची नसेल तर शिकवण्याला ना पद मिळते, ना वेतन, ना वेळ. ही सक्तीची निवड परिचारिकेवर लादणारी रचना बदलली नाही, तर नव्या इमारतींतील अतिदक्षता विभाग दर काही वर्षांनी नवशिक्यांच्या हाती जात राहतील.

जे पुस्तकात उतरत नाही

अतिदक्षता विभागाचा जन्मच जागत्या पहाऱ्यातून झालेला आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी त्या काळची यंत्रे पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा आणि हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देण्याचा मार्ग धरला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि दिवसरात्र त्या पिशव्या दाबत राहिले. पुढच्याच वर्षी त्या शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. पिशवीचे काम पुढे यंत्राने केले. पहाऱ्याचे काम आजही माणसालाच करावे लागते आणि ते बहुतांशी परिचारिकेकडे असते. डॉक्टर फेरीला येतात, निर्णय देतात आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळतात. तो निर्णय मिनिटामिनिटाला अमलात आणणारी आणि तो चुकतो आहे हे सर्वांत आधी ओळखणारी परिचारिका असते.

हे ओळखणे म्हणजे नेमके काय? मॉनिटरवरील आकडे कोणालाही दिसतात. रक्तदाब अजून मर्यादेत आहे. परंतु लघवीचे प्रमाण तासागणिक घटते आहे, हातपाय गार पडू लागले आहेत आणि रुग्ण मघापेक्षा अस्वस्थ आहे. या गोष्टी एकत्र जोडून, रक्तदाब कोसळण्याआधीच डॉक्टरांना बोलावणे ही अनुभवी परिचारिकेची कामगिरी. व्हेंटिलेटरचा इशारा वाजला की नवखी परिचारिका आधी यंत्राकडे पाहते. अनुभवी परिचारिका आधी रुग्णाकडे पाहते. नळी सरकली आहे का, स्राव अडकला आहे का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जाते आहे का, हे तिने दोन पावलांच्या अंतरात तपासलेले असते. शुद्धीवर नसलेल्या माणसाची कूस ठरलेल्या वेळी बदलणे, त्याच्या तोंडाची स्वच्छता राखणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे ही कामे किरकोळ भासतात. पाठीच्या जखमा आणि फुप्फुसांचा जंतुसंसर्ग ज्यामुळे टळतो, ती हीच कामे.

अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ या ग्रंथात नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी परिचारिका नियम आठवत काम करते. तज्ज्ञ परिचारिका परिस्थिती एकदम ओळखते आणि नेमक्या ठिकाणी हात घालते, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. या मांडणीतून अध्यापनाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट निघते. जे ज्ञान इतके अंगवळणी पडले आहे, ते शब्दांत सांगणे तज्ज्ञालाच सर्वांत कठीण जाते. ‘तुला कसे कळले?’ या विद्यार्थिनीच्या प्रश्नावर ‘बघितले आणि कळले’ एवढेच उत्तर येते.

म्हणून उत्तम परिचारिका आपोआप उत्तम शिक्षिका होत नाही. खाटेजवळची तज्ज्ञ वर्गात उभी राहते तेव्हा ती पुन्हा पहिल्या पायरीवर असते. आपल्या हाताने क्षणात होणारे काम दहा टप्प्यांत उलगडून दाखवणे, विद्यार्थिनीचा संथपणा सोसणे, रुग्णाला धोका न पोहोचवता तिला स्वतः करू देणे आणि चूक झाल्यावर तिचा पाणउतारा न करता ती कशी झाली हे तिच्याकडूनच वदवून घेणे, हे वेगळे शास्त्र आहे. आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत ओरडा खात शिकण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीत विद्यार्थिनी सर्वप्रथम शिकते ती चूक लपवायला. अतिदक्षता विभागात लपवलेली चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

खाट का सुटते

अनुभवी परिचारिका खाट सोडते यामागची कारणे सर्वपरिचित आहेत. रात्रपाळ्या, रुग्णांना उचलून-वळवून जडलेले पाठीचे दुखणे, मुलांच्या शाळा, सततच्या मृत्यूदर्शनाचा शीण ही त्यांतली उघड कारणे. खोलवरचे कारण बढतीच्या शिडीत आहे. स्टाफ नर्सची वॉर्ड सिस्टर होते, वॉर्ड सिस्टरची मेट्रन होते. म्हणजे बढतीबरोबर ती रुग्णापासून दूर आणि नोंदवह्यांच्या जवळ जाते. दुसरी वाट पाठ्यनिर्देशिकेची, ती वर्गाकडे जाते. खाटेजवळच राहून अधिक ज्ञान, अधिक अधिकार आणि अधिक वेतन मिळवण्याची तिसरी शिडी आपल्या व्यवस्थेत जवळपास नाहीच. त्यातच अनेक सरकारी रुग्णालयांत बदल्यांच्या चक्रात अतिदक्षता विभागात तयार झालेली परिचारिका दुसऱ्या वॉर्डात जाते आणि तिच्या जागी पुन्हा कोरी पाटी येते.

मनुष्यबळाचे साधे गणित मांडून पाहावे. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी हा सर्वमान्य दंडक. दहा खाटांच्या विभागाला तीन पाळ्यांसाठी रोज तीस परिचारिका लागतील. रजा, आजारपण, साप्ताहिक सुट्टी यांसाठी तीस टक्के राखीव बळ धरले तर हा आकडा एकोणचाळीसवर जातो. त्यांतल्या पाच-सहा अनुभवी परिचारिका एका वर्षात गेल्या तर पदे पुन्हा भरता येतात. मात्र रात्री तीन वाजता ज्यांना विचारावे अशी माणसे उरत नाहीत. भरलेली पदे आणि उपलब्ध अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शासकीय तक्त्यांत केवळ पहिलीच दिसते.

यावर उपाय म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६-१७ च्या सुमारास आणला. त्यातील शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष अतिदक्षता विभागात होतो; खाटेजवळ राहूनच उच्च पात्रता मिळवावी ही त्यामागची दृष्टी उत्तम आहे. अडचण पुढे येते. या पात्रतेला साजेसे पद, अधिकार आणि वेतन रुग्णालयाच्या आस्थापनेत निर्माण करणे राज्यांच्या हाती आहे. जेथे असे पद नाही, तेथे ही पदवी घेतलेली परिचारिका शेवटी त्याच दोन ठिकाणी जाणार: महाविद्यालयाच्या वर्गात किंवा विमानतळावर.

महाविद्यालये वाढली, शिक्षक कोठून?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १५७ नवी शासकीय परिचर्या महाविद्यालये उघडण्यास मंजुरी दिली. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच ती उभारायची असून त्यासाठी १५७० कोटी रुपयांची तरतूद झाली. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा हा कायदा घेणार आहे. देशात नोंदणीकृत परिचारिका व परिचारकांची संख्या ३३ लाखांहून अधिक असल्याचे सरकार सांगते. या नोंदणीत परदेशी गेलेल्या किंवा काम सोडलेल्या अनेकींची नावेही असणार, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

परिषदेच्या निकषांनुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे महाविद्यालये वाढली की शिक्षकांची मागणी त्याच प्रमाणात वाढते. ही मागणी भागवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पदव्युत्तर पदवी घेऊन थेट अध्यापनात येणाऱ्या तरुण शिक्षिका. त्यांना अभ्यासक्रम ठाऊक असतो, परंतु अत्यवस्थ रुग्णाजवळ त्यांनी काढलेल्या रात्री थोड्या असतात. दुसरा, रुग्णालयातून अनुभवी परिचारिका ओढून आणणे. त्यामुळे वर्ग श्रीमंत होतो आणि वॉर्ड गरीब. शिक्षकपदाच्या नियमांत अध्यापनाच्या वर्षांना वजन अधिक आहे. बारा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेली परिचारिका महाविद्यालयात आली की सेवाज्येष्ठतेच्या दृष्टीने ती बरीचशी नव्याने सुरुवात करते. आणि एकदा आली की तिचे रुग्णालयाशी असलेले नाते विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात जाण्यापुरते उरते. दोन-तीन वर्षांत यंत्रे बदलतात, औषधोपचाराच्या पद्धती बदलतात आणि तिचे ज्ञान हळूहळू जुने होत जाते.

येथे सिम्युलेशनची, म्हणजे बोलक्या पुतळ्यांवर प्रसंग रचून सराव करण्याच्या पद्धतीची आशा दाखवली जाते. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात तिला स्थान मिळाले आहे, आणि परिषदेने गुरुग्राम येथे राष्ट्रीय संदर्भ केंद्रही उभारले आहे. पुतळ्यावर हृदयक्रिया बंद पडण्याचा प्रसंग दहादा घडवता येतो. रुग्णावर तसे करता येत नाही. म्हणून ही पद्धत मोलाची आहेच. मात्र तिचा खरा लाभ प्रसंग संपल्यावरच्या चर्चेत असतो. ‘तू औषध देण्याआधी का थांबलीस? त्या क्षणी तुला काय दिसले?’ हे प्रश्न ज्या व्यक्तीने तसा क्षण स्वतः जगला आहे, तिलाच नेमके विचारता येतात. तशी व्यक्ती नसेल तर लाखो रुपयांचा पुतळा काही महिन्यांत कापडाखाली झाकून ठेवला जातो.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचे दोन अर्थ

परिचर्या क्षेत्रात ‘आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण’ हा शब्द आज दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ परदेशी जाण्याची तयारी: अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी संगणकावरील चाचणी आणि नंतर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा, भाषेसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस, जर्मनीसाठी जर्मन भाषेची बी-२ पातळी, आखातासाठी तेथील परवाना परीक्षा. दुसरा अर्थ ज्ञानाची देवाणघेवाण: एका देशातील अनुभवी परिचारिकेने दुसऱ्या देशातील परिचारिकांना शिकवणे आणि त्यांच्याकडून शिकणे. आपल्याकडे पहिल्याचा बाजार भरला आहे. दुसऱ्याचा विचार फारसा होत नाही.

बाजार भरण्याचे कारण उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका व परिचारक होते आणि तुटवडा सुमारे ५८ लाखांचा होता. जगातील दर सात परिचारिकांपैकी एक आपल्या जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्के आहे. केरळने नॉर्का रूट्स या शासकीय संस्थेमार्फत जर्मनीशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केला. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. गोव्याला तर आखात, बोट आणि पोर्तुगीज पासपोर्ट या तिन्ही वाटा पिढ्यान्‌पिढ्या परिचयाच्या. परदेशी रुग्णालयांना अतिदक्षता विभागाचा अनुभव सर्वाधिक हवा असतो. म्हणजे आपल्या विभागांत वर्षानुवर्षे साठलेले भांडवलच तेथे आधी वटते.

या परीक्षांच्या तयारीत एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसते. ब्रिटनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परिचारिकेने हात धुतले का, स्वतःची ओळख दिली का, रुग्णाचे नाव आणि ॲलर्जी विचारून खात्री केली का, काय करणार आहोत ते सांगून संमती घेतली का, नोंद स्वच्छ केली का, हे काटेकोरपणे पाहिले जाते. यांतली एकही गोष्ट परदेशी नाही. आपल्या अभ्यासक्रमातही ती आहेच. परंतु वॉर्डात एकीच्या अंगावर अनेक रुग्ण असतात तेव्हा याच पायऱ्या सर्वप्रथम गळतात. परदेशी जाण्यासाठी तीच परिचारिका त्या पुन्हा शिकते, पैसे भरून. आपल्या रुग्णाला जे मिळायला हवे होते, त्याचा सराव आपण दुसऱ्या देशाच्या रुग्णासाठी करून घेतो. हा दोष परिचारिकेचा नाही. तिला हे येथेच करू न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

तेथे गेल्यावर तिला काय दिसते? ब्रिटनमधील अतिदक्षता सेवांच्या मानकांनुसार विभागातील किमान निम्म्या परिचारिकांकडे अतिदक्षता परिचर्येची नोंदणीपश्चात पात्रता हवी, आणि सुमारे ७५ परिचारिकांमागे एक पूर्णवेळ क्लिनिकल एज्युकेटर हवा. ही व्यक्ती पाळीच्या मोजणीत धरली जात नाही. रुग्ण वाटून घेण्याच्या कामातून ती मुक्त असते आणि विभागातच फिरून शिकवते. नव्या परिचारिकेजवळ उभी राहते, तिची कौशल्ये तपासते, चुकांचा आढावा घेते. शिकवण्यासाठी तिला खाट सोडावी लागत नाही. अतिदक्षता परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनांचा जागतिक महासंघ २००१ मध्ये सिडनी येथे स्थापन झाला. या क्षेत्रातील शिक्षण कसे असावे याविषयी त्याने २००५ मध्ये माद्रिद जाहीरनामा प्रसिद्ध केला. म्हणजे दिशा दाखवणारे दस्तऐवज दोन दशकांपासून उपलब्ध आहेत. आपल्याकडे वानवा आहे ती पदांची.

बाहेरून आयात करता येणार नाही असाही मोठा भाग या शिक्षणात आहे. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढणारे नातेवाईक कोकणी-मराठीत विचारतात, तेव्हा त्यांना काय आणि कसे सांगायचे, हे कोणत्याही परदेशी परीक्षेत शिकवले जात नाही. सत्तरी, पेडणे, डिचोली भागांतून मराठी प्राथमिक शाळांतून वर आलेल्या विद्यार्थिनीला रक्तातील आम्लता किंवा श्वसनाचा दाब ही संकल्पना प्रथम तिच्या भाषेत उलगडली, तर पुढची इंग्रजी परिभाषा तिच्या मनात पक्की बसते. हे करू शकणारी शिक्षिका येथलीच असावी लागते. कायद्याचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आणि २०२३ मध्ये सुलभ केलेली ‘लिव्हिंग विल’ची, म्हणजे अखेरच्या काळातील उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्राची पद्धत प्रत्यक्ष अमलात आणणारे गोवा हे २०२४ मध्ये पहिले राज्य ठरले. ते इच्छापत्र ज्या खाटेजवळ अमलात यायचे, तेथील परिचारिकेला त्याचा अर्थ, त्यातील वैद्यकीय मंडळांची भूमिका आणि कुटुंबाशी बोलण्याची रीत शिकवली गेली नाही, तर हा पुढाकार कागदावरच राहील.

२०२१ चा धडा

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, गोमेकॉत पहाटेच्या वेळी प्राणवायूचा दाब घसरत असल्याच्या तक्रारी आल्या आणि रुग्णांचे मृत्यू झाले, हे गोवेकर विसरलेले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर हा प्रश्न गेला; ट्रॉलींवरून सिलिंडर आणून जोडताना होणाऱ्या खंडाची चर्चा झाली. त्यानंतर द्रवरूप प्राणवायूची मोठी टाकी बसली. टाकी आवश्यकच होती. परंतु त्याच काळाने दुसरी गोष्टही दाखवली: खाटा एका आठवड्यात वाढवता येतात, अतिदक्षता परिचारिका वाढवता येत नाहीत. देशभर सर्वसाधारण वॉर्डांतील परिचारिकांना जुजबी प्रशिक्षण देऊन व्हेंटिलेटरजवळ उभे करावे लागले. त्यांच्या मदतीला अनुभवी सहकारी असेल तेथे निभावले. नसेल तेथे त्यांना एकट्यानेच झुंजावे लागले. पुढच्या संकटाच्या वेळी आपल्याकडे शिकवू शकणाऱ्या किती परिचारिका असतील, याची उत्तरे संकट येण्याआधीच्या वर्षांत तयार होतात.

गोव्याला काय करता येईल

राज्य लहान असणे येथे लाभाचे आहे. बांबोळीत गोमेकॉ आणि इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन हाकेच्या अंतरावर आहेत. सीमेपलीकडे बेळगावात केएलई संस्थेचे मोठे रुग्णालय आणि परिचर्या महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. १८४२ च्या वैद्यकीय विद्यालयापासून चालत आलेली शिक्षणपरंपरा बांबोळीला लाभली आहे. सरकारी मोठी रुग्णालये मोजकी, नोंदणी परिषद एक. त्यामुळे एखादा प्रयोग करून पाहणे मोठ्या राज्यांपेक्षा सोपे आहे.

पहिली पायरी म्हणजे संयुक्त नियुक्ती. अनुभवी अतिदक्षता परिचारिकेने आठवड्यातील काही दिवस विभागात आणि काही दिवस महाविद्यालयात काम करावे, तिच्या दोन्हीकडच्या सेवेची वर्षे ज्येष्ठतेसाठी धरली जावीत. वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापक सकाळी रुग्ण पाहतात आणि दुपारी शिकवतात. परिचर्येत मात्र सेवा आणि शिक्षण यांत भिंत घातली गेली आहे. ती पाडण्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. दुसरी पायरी म्हणजे गोमेकॉ आणि दोन्ही जिल्हा रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत क्लिनिकल एज्युकेटरचे स्वतंत्र पद, पाळीच्या मोजणीबाहेर ठेवलेले. तिसरी, ‘नर्स प्रॅक्टिशनर’ पात्रतेसाठी सेवानियमांत स्पष्ट स्थान. चौथी, शिकवू इच्छिणाऱ्या परिचारिकेला अध्यापनशास्त्राचे प्रशिक्षण. केवळ अनुभवाच्या भरवशावर तिला वर्गात ढकलू नये.

परदेशी जाण्याच्या प्रश्नावर बंधपत्र हा उपाय नव्हे. मनाविरुद्ध अडकवलेली परिचारिका मन लावून शिकवत नाही, आणि अधिक चांगले वेतन व सन्मान शोधण्याचा तिचा अधिकार नाकारण्याचे नैतिक बळ तुटपुंज्या कंत्राटी वेतनावर तिला राबवणाऱ्या व्यवस्थेकडे नाही. परंतु राज्याला करार करताना अट घालता येते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आंतरराष्ट्रीय भरतीविषयक संहिता ऐच्छिक असली, तरी मनुष्यबळ घेणाऱ्या देशाने ते देणाऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेलाही हातभार लावावा, हे तत्त्व तिने मांडले आहे. त्यानुसार परिचारिका नेणाऱ्या संस्थेने येथील प्रशिक्षणाच्या काही जागांचा खर्च उचलावा, आपल्या शिक्षिकांना काही महिने तेथील विभागांत काम करून परत येण्याची सोय द्यावी, असे मागता येईल. परदेशात शिक्षकपदापर्यंत पोहोचलेल्या गोमंतकीय परिचारिकांना सुट्टीत गावी आल्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायला सन्मानाने बोलावता येईल. वर्षभर दूरस्थ पद्धतीने त्यांचे वर्ग ठेवता येतील. यासाठी त्यांची साधी यादी तरी नोंदणी परिषदेने तयार करावी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आधीच परिचारिका कमी असताना अनुभवी परिचारिकेला पाळीतून मुक्त करून शिकवायला लावणे परवडेल का? पहिल्या वर्षी ते जड जाईल, हे खरे. पण पाळीत ती एका वेळी एक-दोन रुग्ण सांभाळते. शिकवताना तिच्या हाताखालून दहाजणी तयार होतात आणि त्यांतल्या दोघी-तिघी पुढे स्वतः शिकवू लागतात. शिवाय नव्या परिचारिका लवकर नोकरी सोडतात, त्यामागे एकटे पडल्याची भीती हे मोठे कारण असते. शेजारी कोणी उभे असेल तर त्या टिकतात. आज वाचवलेल्या एका पदाची किंमत उद्या रिकाम्या होणाऱ्या अनेक पदांनी मोजावी लागते.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांचे सत्कार होतात आणि त्यांच्या सेवाभावाचे गुणगान होते. नाइटिंगेल यांचे टिकाऊ कार्य मात्र १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेली प्रशिक्षणशाळा हे आहे, आणि ती रुग्णालयाच्या आतच होती. खाट आणि वर्ग यांचे हे सख्य आपण मोडले. ते पुन्हा जुळवायला मोठ्या घोषणेची आवश्यकता नाही. पुढच्या १२ मेपर्यंत राज्यातील एका अतिदक्षता विभागात, पाळीच्या मोजणीबाहेर ठेवलेले, शिकवण्यासाठीचे एक पद निर्माण करून ते एका अनुभवी परिचारिकेला द्यावे, आणि वर्षअखेर त्या विभागातील किती नव्या परिचारिका टिकल्या व पाठीच्या जखमा आणि जंतुसंसर्ग किती घटले, हे प्रामाणिकपणे मोजावे. त्या मोजणीतून पुढचा निर्णय घ्यायला सरकारला अवघड जाणार नाही.